हातमोजे काढून

माझ्या पहिल्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात एक प्रसंग आहे. डिसेंबरातली पहाट. नायक पाचगणीच्या पठाराच्या कडेला एकटाच उभा आहे. खाली कृष्णेचे खोरे धुक्याने भरून गेले आहे. त्याच्या अंगात लोकरीचा जाड कोट, हातांत मोजे आणि तोंडात पाइप. तो काडी ओढतो, पाइप पेटवतो, दीर्घ झुरका घेतो, आणि त्या उबेत त्याला आपल्या जीवनाचा अर्थ गवसतो. हे प्रकरण लिहून झाले त्या रात्री मी ते पत्नीला मोठ्याने वाचून दाखविले होते. तीन परीक्षकांनी त्यातल्या 'वातावरणनिर्मिती'चे कौतुक केले. मीही ते कौतुक मुकाट्याने घेतले.

पुढे आमच्या गावच्या मेजरांनी ती कादंबरी वाचली. मेजर म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. परंतु आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणते. लडाखच्या बाजूला त्यांनी काही हिवाळे काढलेले. पुस्तक परत करावयास आले तेव्हा उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "गुरुजी, पुस्तक चांगलं हाय. पन त्या गड्यानं हातमोजं कवा काढलं?"

मी म्हणालो, "मेजर, ते गृहीत धरायचे असते."

"गृहीत कसं धरायचं? थंडीत त्येवढंच तर असतंय." एवढे बोलून ते पुस्तक ओट्यावर ठेवून निघून गेले.

काडीपेटीतली काडी जाड मोज्यांनी धरता येत नाही. तंबाखूची चिमूट उचलता येत नाही. पाइपाच्या वाटीत ती बोटाने दाबता येत नाही. पाइप ओढावयाचा तर हात उघडे करावे लागतात, आणि खऱ्या थंडीत हात उघडे करणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. माझ्या नायकाने पाइप ओढलाच नव्हता. मी तो त्याच्या तोंडात खोचला होता, फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक देतो तसा. तेव्हापासून थंडीतल्या पाइपाची वर्णने जेथे जेथे आढळतील तेथे मी मेजरांचा प्रश्न घेऊन जाऊ लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; इंग्रजी पुस्तक वाचावयाचे तर कोश मांडीवर घेऊन बसावे लागते. त्यामुळे वाचन थोडे झाले, पण सावकाश झाले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. मी मास्तर आहे. माझ्या शाळेच्या फाटकावर तंबाखूबंदीची पाटी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा 2003 चा कायदाही आहे. तंबाखूने माणसे मरतात हे आता कोणाला सांगावयास नको; माझ्या वडिलांच्या बाबतीत ते मी जवळून पाहिले आहे. तेव्हा हा लेख पाइपाची भलामण करण्यासाठी नाही. पाइपाच्या सुखाविषयी माणसे काय लिहितात आणि ते कितपत खरे लिहितात, एवढाच येथे प्रश्न आहे. सुखाविषयी खोटे लिहिणे हे दुःखाविषयी खोटे लिहिण्याइतकेच वाईट, अशी माझी समजूत आहे. आपली समीक्षा मात्र दुःखाच्या बाबतीत फार जागरूक असते आणि सुखाच्या बाबतीत कोणताही माल खपवून घेते.

आपल्या मराठी कादंबऱ्यांत आणि बोलपटांत पाइप पुष्कळ आला, पण तो कपड्यांच्या यादीत आला. ड्रेसिंग गाऊन, चष्मा, पाइप, की बाप श्रीमंत आहे हे कळले. दाढी, झोळी, पाइप, की चित्रकार आहे हे कळले. तंबाखू कोणती, ती भरली कोणी, विझली किती वेळा, ह्याचा पत्ता नाही. चिलमीचे तसे नाही. रात्री ज्वारीच्या राखणीला बसलेला म्हातारा चिलीम ओढतो तेव्हा ती भरली जाते, निखारा बोटांनी उचलून तिच्यावर ठेवला जातो, ओले फडके खाली गुंडाळले जाते. ती आपण पाहिलेली आहे. पाइप आपण पाहिलेला नाही, चित्रात पाहिला आहे.

इंग्रजांनी पाइपावर भरपूर लिहिले आहे. जे. एम. बॅरी ह्याचे 'माय लेडी निकोटीन' हे 1890 चे पुस्तक त्यांत प्रसिद्ध आहे. लग्नासाठी पाइप सोडलेला एक गृहस्थ आपल्या जुन्या धूम्रपानाच्या दिवसांच्या आठवणी सांगतो. पुस्तक मोठे खेळकर आहे. पण त्यातला पाइप खोलीतला आहे. दार लावलेले, शेगडी पेटलेली, चार मित्र खुर्च्यांत रेललेले. थंडी आहे ती खिडकीच्या बाहेर, आणि ती आतल्या सुखाला गोडी यावी म्हणून. अशा पाइपाविषयी माझे काही म्हणणे नाही. माझा प्रश्न बाहेरच्या पाइपाचा आहे. ह्या बॅरीची पुन्हा एकदा गाठ पडणार आहे, म्हणून त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत पाइप ओढणे हे काय प्रकरण आहे ते आधी समजून घेतले पाहिजे. थंडीत श्वासाचीच वाफ दिसते. त्यामुळे धूर कोणता आणि वाफ कोणती हे ओढणाऱ्याला कळत नाही. पाइप विझला तरी तोंडातून ढग निघतच राहतात. श्वासातला ओलावा नळीत जमतो, आणि थंडी पुरेशी असेल तर तेथेच गोठतो. आतून तापलेली आणि बाहेरून गारठलेली लाकडी वाटी तडकण्याची भीती असते. वारा असेल तर तंबाखू भराभर जळते आणि जीभ पोळते. एवढे सगळे असूनही माणसे बाहेर पाइप ओढतात, त्याअर्थी त्यात सुख असलेच पाहिजे. मुठीत धरलेली वाटी ही एक लहानशी शेगडीच होते. बर्फाच्या प्रदेशात कशालाच फारसा वास नसतो. तेथे जळत्या तंबाखूचा वास एकाएकी घर, बाजार, माणसे ह्यांची आठवण आणून देतो. शिवाय पाइप घाईने ओढता येत नाही. जोवर तो चालू आहे तोवर काम थांबलेले असते.

आणि ह्या सुखात एक फसवणूकही आहे. निकोटीनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांकडे जाणारे रक्त कमी होते. म्हणजे तळहाताला वाटी उबदार लागत असते आणि त्याच वेळी बोटे आतून थंड पडत असतात. हिमदंशाच्या प्रदेशात ह्याचा अर्थ काय हे सांगावयास नको. ऊब वाटते, पण मिळत नाही. हे ज्ञान आजचे आहे. ज्या पुस्तकांविषयी मी लिहिणार आहे त्यांच्या लेखकांपाशी ते अशा स्पष्ट रूपात नव्हते. त्या लेखकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. परंतु आजच्या वाचकाला ती पुस्तके वाचताना हे विसरता येत नाही, हेही खरे.

ही पुस्तके ध्रुवप्रदेशाच्या प्रवासांची आहेत. बाहेरच्या थंडीतला पाइप पाहावयाचा तर त्यांच्याकडेच गेले पाहिजे. कारण तेथे 'बाहेर' एवढेच असते, खोली नसते.

नान्सेनपासून सुरुवात करतो. फ्रिट्योफ नान्सेन ह्याने 1888 साली पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे बर्फ पायी ओलांडले आणि त्याचा वृत्तान्त लिहिला. दारूला त्याने मोहिमेत थारा दिला नाही. तंबाखू अगदी थोडी घेतली. सहांतले चौघे ओढणारे होते, आणि त्यांना रविवारी व अशाच काही खास दिवशी एक पाइप मिळे. हा आठवड्याचा एक पाइप ते लोक कसे पुरवीत ते नान्सेनने सांगितले आहे. आधी तंबाखू ओढावयाची, मग राख ओढावयाची, मग वाटीच्या आतले लाकूडच धुमसेल तेवढे धुमसू द्यावयाचे. तेही संपले की डांबर लावलेल्या दोराचे तुकडे. नान्सेन हे सांगतो ते जरा मिस्कीलपणे, शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या सवयी सांगाव्या तसे. त्यात चूक काही नाही. पण लिहिणारा त्या सुखाच्या बाहेर उभा आहे. मेजरांच्या प्रश्नाला येथे उत्तर मिळत नाही, कारण नान्सेनला तो प्रश्न पडलेलाच नाही. तो शिधा वाटणारा आहे.

शॅकल्टनचे 'साउथ' हे पुस्तक 1919 चे. त्याचे 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडले गेले. ते सोडून निघताना प्रत्येकाने खाजगी सामान दोन पौंडांहून अधिक घ्यावयाचे नाही असा हुकूम त्याने काढला आणि स्वतःजवळची सोन्याची नाणी सर्वांदेखत बर्फावर टाकली. पुढे एप्रिल 1916 मध्ये ही मंडळी एलिफंट बेटावर पोचली. शॅकल्टन पाच जणांना घेऊन लहान होडीतून मदत आणावयास गेला, आणि मागे राहिलेली बावीस माणसे दोन उपड्या होड्यांच्या खाली चार महिने राहिली. तो तिकडचा हिवाळा. त्या होड्यांखाली एका तरुण खलाशाच्या हिमदंशाने मेलेल्या बोटांची शस्त्रक्रिया झाली. तेथे तंबाखू संपली.

तंबाखू संपल्यावरची जी पाने आहेत ती विलक्षण आहेत. बुटांत ऊब राहावी म्हणून एक प्रकारचे वाळलेले गवत घालीत. ते गवत लोक पाइपात भरून पाहू लागले. एकाने तर सर्वांचे जुने पाइप मागून घेतले आणि त्या गवताबरोबर भांड्यात उकळले, की वर्षानुवर्षे लाकडात मुरलेली तंबाखू गवतात उतरेल. त्या मिश्रणाचा वास तंबाखूपेक्षा पेटलेल्या माळरानाच्या जवळचा होता. हा प्रसंग वाचताना हसू येते आणि ते हसू अर्ध्यावर अडकते. पायाखालचे गवत काढून ओढावयाचे म्हणजे पाय गारठू द्यावयाचे. हातमोजे काढण्याच्या पलीकडे गोष्ट गेली. माणसाने एका उबेसाठी दुसरी ऊब जाळली.

पुढे 30 ऑगस्ट 1916 रोजी शॅकल्टन चिलीच्या 'येल्चो' ह्या बोटीतून परत आला. किनारा जवळ येताच त्याने पहिल्याने काय केले असेल तर सिगारेटची पाकिटे फेकली, आणि भुकेल्या वाघांनी तुटून पडावे तशी माणसे त्यांच्यावर पडली असे तो लिहितो. ते काय स्वप्न पाहत होते हे त्याला ठाऊक होते. पुस्तकातले हे सर्वांत चांगले वाक्य आहे असे नाही, पण सर्वांत शॅकल्टनचे आहे. 'साउथ'मधला बराच मजकूर शॅकल्टनने सांगितला आणि एडवर्ड सॉन्डर्स नावाच्या न्यूझीलंडच्या पत्रकाराने उतरवून घेतला. एलिफंट बेटाचा भाग तर तेथे राहिलेल्यांच्या रोजनिशांवरून आलेला, कारण शॅकल्टन तेथे नव्हताच. त्यामुळे पुस्तकात पुष्कळ ठिकाणी वर्तमानपत्री झिलई दिसते. पाकिटे फेकणारा हात मात्र उसना नाही. तो ओढणाऱ्याचाच हात आहे.

आता दक्षिण ध्रुव. तेथे पाच आठवड्यांच्या अंतराने दोन तुकड्या पोचल्या. अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला, स्कॉट 17 जानेवारी 1912 ला. तो तिकडचा उन्हाळा होता, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर एखादा विद्यार्थी मला पकडील. पण तिकडचा उन्हाळा म्हणजे शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सियस. आमच्या पाचगणीने त्यापुढे लाजावे.

स्कॉट पाइप ओढणारा होता. पाइप हातात किंवा तोंडात असलेली त्याची छायाचित्रे आहेत. पण ध्रुवावर त्याच्या रोजनिशीत पाइप नाही. आपल्याआधी कोणी येऊन गेले हे कळले आहे, वारा तोंडावर आहे, आणि त्या दिवसाच्या नोंदीत, रात्री पोटभर मिळालेल्या जेवणाच्या आणि चॉकलेटच्या तुकड्याच्या पाठोपाठ, विल्सनने आणलेली एक सिगारेट येते. तिची चव कशीशीच लागली एवढेच तो म्हणतो. वाक्याचा एक तुकडा, बस्स. मी तो अनेकदा वाचला आहे. चव बिघडली होती ती सिगारेटची की तोंडाची, हे तो सांगत नाही आणि सांगू नयेच. येथे विल्सन लक्षात ठेवला पाहिजे. इतके वजन मोजून घेऊन चाललेल्या प्रवासात ह्या माणसाने दुसऱ्यांसाठी सिगारेट जपून आणली होती. स्कॉटने त्याचे नाव लिहिले, हे त्याचे मोठेपण. त्याहून एक शब्द अधिक लिहिण्याइतके बळ त्या संध्याकाळी त्याच्यापाशी नव्हते.

परतीच्या वाटेवर हे पाचही जण मेले. शेवटच्या तंबूत स्कॉटने जी पत्रे लिहिली त्यांत एक बॅरीला होते. तोच बॅरी, खोलीतल्या पाइपाचा. दोघे स्नेही होते आणि स्कॉटच्या मुलाचा तो धर्मपिता होता. आपल्या बायकोमुलाकडे पाहा, असे स्कॉटने त्याला कळविले. खिडकीच्या बाहेरची थंडी अशी त्या खोलीत आली. बॅरीचे पुस्तक पूर्वीइतके हलक्या मनाने मला वाचता येत नाही.

अमुंडसेनचे पुस्तक 1912 चे. चेटरने केलेल्या इंग्रजी भाषांतराचे दोन जाड भाग आहेत. साहित्य म्हणून हे पुस्तक बरेचसे कोरडे. कुत्री किती, पेट्या किती, मैल किती. जेता माणूस लिहितो तेव्हा त्याला अडखळावयास होत नाही, आणि अडखळल्यावाचून गद्याला जीव येत नाही. ध्रुवावर पोचल्याचे वर्णनही जेमतेम. प्रत्येकाला सीलच्या मांसाचा एकेक लहान तुकडा, आणि जो तो आपापल्या वस्तूंवर स्थळाचे नाव कोरण्याच्या उद्योगाला लागलेला.

आणि मग एकाएकी त्या कोरडेपणाला पालवी फुटते. अमुंडसेनपाशी एक जुना पाइप होता. उत्तरेकडच्या प्रवासांतल्या निरनिराळ्या ठिकाणांची नावे त्याच्यावर कोरलेली होती. आता दक्षिण ध्रुवाचे नाव कोरावयाचे म्हणून त्याने तो बाहेर काढला. ते पाहून विस्टिंगने त्याला परतीच्या वाटेवर पुरेल इतकी तंबाखू देऊ केली. विस्टिंगने आपल्या पिशवीत तंबाखूच्या दाबलेल्या वड्या राखून ठेविल्या होत्या, आणि त्या आपल्यापेक्षा तुम्हीच ओढाव्या असे तो म्हणाला. अमुंडसेनला जो आनंद झाला तो लपत नाही. जेवणानंतर पाइप लागणाऱ्या माणसाला अशा जागी असे दान मिळणे म्हणजे काय हे कोणाला कळेल का, असे तो वाचकालाच विचारतो. ध्रुव मिळाल्यावर त्याने इतक्या मोकळेपणाने आनंद केलेला नाही. त्यानंतर बियोलांडने निरोपाच्या जेवणाच्या वेळी चिरुटांची पेटी काढली, सर्वांना एकेक दिला, आणि उरलेले चार पेटीसकट अमुंडसेनला आठवण म्हणून देऊन टाकले, तेही तो सांगतो. पण चिरूट हा समारंभाचा. खरी गोष्ट पाइपाची.

कारण अमुंडसेन पुढे सांगतो की विस्टिंगने मला अगदी लाडावून ठेवले. त्याने तंबाखू दिली एवढेच नव्हे. रोज संध्याकाळी, आणि मोह न आवरल्यामुळे पुढे सकाळीही, ती घट्ट वडी कातरण्याचे आणि पाइप भरून देण्याचे कष्टाचे काम त्याने आपल्याकडे घेतले, हवा कशीही असो.

हवा कशीही असो. हे वाचले आणि मला आमच्या ओट्यावरचे मेजर दिसले. हातमोजे कोणी काढले? विस्टिंगने काढले. ते काम सुखाचे नव्हते हेही अमुंडसेन आपणहून सांगतो. गोठून दगड झालेली तंबाखूची वडी सुरीने बारीक कातरावयाची, ती उडू न देता वाटीत भरावयाची, आणि पाइप दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. ओढणाऱ्याने हात मोज्यांतून बाहेर काढला तो तयार पाइप घेण्यापुरता. थंडीतल्या पाइपाच्या सुखाचे मी वाचलेले हे सर्वांत खरे वर्णन, आणि ते खरे आहे ह्याचे कारण त्यात सुखाबरोबर त्याची किंमत सांगितली आहे, आणि ती किंमत कोणी दिली तेही. माझ्या पाचगणीच्या नायकाला जीवनाचा अर्थ गवसला. अमुंडसेनला फक्त विस्टिंग गवसला. मला दुसरे अधिक मोलाचे वाटते.

लेख येथे संपविला असता तर बरे झाले असते. परंतु त्याच पुस्तकात दुसरे एक पान आहे.

ध्रुवाकडे निघण्याचा पहिला प्रयत्न 8 सप्टेंबर 1911 ला झाला होता. निघाले आठ जण. वेळ फार लवकरची. तपमान पन्नास अंशांखाली गेले, कुत्री गळाठली, माणसांच्या टाचा हिमदंशाने धरल्या, आणि परतावे लागले. शेवटच्या दिवशी तळाकडे येताना अमुंडसेन पुढे निघून आला. त्याच्याबरोबर हान्सेन होता, आणि ज्याच्या घसरगाडीवर अमुंडसेन बसला होता तो विस्टिंग. बाकीचे वाटेत विखुरले. सर्वांत मागे प्रेस्ट्रूड राहिला. त्याचे पाय गेले होते, कुत्री चालत नव्हती, आणि त्याच्यापाशी ना अन्न ना स्टोव्ह. त्याच्यासाठी यालमार योहान्सेन थांबला. नान्सेनबरोबर उत्तरेच्या बर्फात एक अख्खा हिवाळा काढलेला हा माणूस. अंधारात आणि धुक्यात त्याने प्रेस्ट्रूडला तळावर आणले. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या देखत त्याने अमुंडसेनला सुनावले की असे माणसांना सोडून पुढे येणे नायकाला शोभत नाही. अमुंडसेनने त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढले आणि वयाने लहान असलेल्या प्रेस्ट्रूडच्या हाताखाली दुसऱ्या कामगिरीवर पाठविले. जानेवारी 1913 मध्ये योहान्सेनने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पुस्तकात ह्या भांडणाचा उल्लेख नाही. त्या रात्री शेवटचे लोक फार उशिरा पोचले एवढे येते, आणि वाटेत ते काय करीत होते कोण जाणे, असा एक हलका शेरा.

आता त्या पाइपाच्या पानाचे काय करावयाचे? माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणाले की लेखकाचे चरित्र आणि लेखकाचे पान ह्यांची गल्लत करू नये. हा सिद्धान्त मला ठाऊक आहे, आणि कथा-कादंबरीच्या बाबतीत तो मी मानतोही. पण हे काही कल्पित नव्हे. जो लेखक 'असे असे घडले' म्हणून सांगतो, त्याने काय सांगितले नाही हा समीक्षेचाच विषय आहे. तंबाखूच्या वडीचा हिशेब ज्याच्या स्मरणात इतका चोख, त्याच्या स्मरणातून बर्फात थांबलेला माणूस निसटतो, ह्याला विसरणे म्हणता येत नाही.

दुसरी एक सोपी वाट आहे. विस्टिंगचे पान हे ढोंग आहे, आज्ञाधारकांचे कौतुक करून त्याने बोलणाऱ्याला गाडले, असे म्हणून मोकळे व्हावे. काही दिवस मी तसे म्हणत असे. परंतु ते पान पुन्हा वाचले की ते म्हणणे टिकत नाही. त्यातला आनंद बनावट नाही. बनावट आनंद कसा दिसतो हे मला माझ्या नवव्या प्रकरणावरून पक्के माहीत आहे. जो उपकार पाइपात भरून हाती आला तो अमुंडसेनला दिसला, आणि दिसला म्हणून त्याने तो प्रामाणिकपणे लिहिला. जो उपकार शिव्यांच्या रूपाने आला तो त्याला सोसला नाही, म्हणून लिहिता आला नाही. हातमोजे योहान्सेननेही काढले होते. एकाच माणसाच्या हातून एक पान खरे आणि एक पान मुके उतरले. खऱ्या पानाने मुके पान भरून निघत नाही, आणि मुक्या पानाने खरे पान खोटे ठरत नाही. दोन्ही एकाच बांधणीत आहेत, आणि वाचणाऱ्याने दोन्ही वाचावीत. हा निकाल पुष्कळांना लेचापेचा वाटेल; मला ह्याहून कडक निकाल प्रामाणिकपणे देता येत नाही.

विस्टिंगचे पान मी मराठीत उतरवून मेजरांना वाचून दाखविले. शेकोटीजवळ बसलो होतो. त्यांनी बिडी फार वर्षांपूर्वी सोडली आहे. डॉक्टरांनी सोडायला लावली. वाचन संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डाव्या हाताचा तळवा पुढे करून त्याच्यावर उजव्या अंगठ्याने मळल्यासारखे केले.

"आमच्या चौकीवर बिडी पेटत नसं, वारं असायचं," ते म्हणाले. "मंग तंबाखू मळायची. चुना लावून. पन मोज्यात मळता येत न्हाई. आमचा एक नाईक हुता, त्यो समद्यांची मळायचा. एकाचंच हात गार व्हायचं, बाकीच्यांचं मोज्यात."

"आणि तुम्ही?"

"मी खायाचो की." ते जरा हसले. "त्येचं नाव घ्या कुठं तरी, गुरुजी. अमक्या गावचा हुता म्हून. कुनी लिवलं न्हाई त्येच्यावर."

नाव त्यांनी सांगितले. ते घरच्यांना विचारल्यावाचून छापणे बरे नव्हे, म्हणून येथे देत नाही. पत्र पाठविले आहे. कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते हल्ली माझ्याकडे आली आहेत. नवव्या प्रकरणातल्या पाइपाच्या अकरा ओळी मी काढल्या. नायक आता पठाराच्या कडेला नुसताच उभा आहे, हात कोटाच्या खिशांत घालून.